रक्ताचे मोल आणि माफीचा हक्क

मराठी माणूस कोर्टाची पायरी चढला की त्याच्या तोंडची भाषा बदलते. फिर्याद, दावा, वारस, जामीन, वकील, कैद, गुन्हा, माफी हे शब्द आपण इतके आपलेसे केले आहेत की ते फारसी-अरबीतून आले हे कोणी सांगितल्यावरच आठवते. 'खून' हा शब्दही त्यांतलाच. मूळ फारसीत त्याचा अर्थ रक्त. मराठीत तो रक्ताचा अर्थ गळून पडला आणि उरली ती हत्या. पण या साऱ्या शब्दांत मला सर्वांत बोलका वाटतो तो 'राजीनामा'. आज राजीनामा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंत्री येतात, नाहीतर वरिष्ठांशी खटके उडालेला एखादा नोकरदार. जुन्या कागदांत मात्र राजीनामा म्हणजे राजीखुशीचा लेख. दोन्ही पक्षांना तडजोड मान्य आहे, तंटा संपला, असे लिहून दिलेला कागद. पाकिस्तानच्या न्यायालयांत आजही हा शब्द त्याच अर्थाने चालतो. तिथे खुनाच्या खटल्यातसुद्धा मृताचे वारस राजीनामा लिहून देतात आणि खून करणारा मोकळा होऊ शकतो.

हा विषय आपल्याकडे घराघरांत पोहोचला तो जुलै २०२५ मध्ये. येमेनमध्ये एका स्थानिक नागरिकाच्या २०१७ सालच्या खुनाबद्दल केरळच्या एका परिचारिकेला फाशीची शिक्षा झाली होती आणि १६ जुलै ही तारीखही ठरली होती. ती आयत्या वेळी पुढे ढकलली गेली. मृताच्या कुटुंबाने 'रक्ताचे पैसे' स्वीकारून माफी दिली तर तिचे प्राण वाचतील, अशा बातम्या रोज येत होत्या. मी निवृत्तीनंतर पेण तालुक्यातल्या जित्याला राहतो. आमच्याकडे बातमीची चर्चा दोन ठिकाणी होते, एक दिवा-रोहा गाडीची वाट पाहताना फलाटावर आणि दुसरी मुंबई-गोवा महामार्गालगतच्या चहाच्या टपरीवर. दोन्हीकडे मी एकच वाक्य ऐकले, "पैसे भरले की खून माफ? हा कसला कायदा!" बोलणाऱ्यांत सुशिक्षित होते, अशिक्षित होते, हिंदू होते आणि मुसलमानही होते.

त्या उद्गारातला संताप मला समजतो. पण बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला पैशाचा प्रत्येक व्यवहार उलटून पाहायची सवय असते. कोणी दिले, कोणाला दिले, कशाबद्दल दिले आणि सही करणाऱ्याने खुशीने सही केली का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही कागद पुढे सरकवत नाही. तेच चार प्रश्न या कायद्याला विचारून पाहावेत, आणि मग आपल्या गावालाही विचारावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी कायदा काय आहे ते पाहू. इस्लामी फौजदारी कायद्यात खून हा मुख्यतः मृताच्या वारसांविरुद्धचा अपराध मानला जातो. वारसांपुढे तीन वाटा असतात. जिवाच्या बदल्यात जीव मागणे, त्याला किसास म्हणतात. भरपाई घेऊन सोडणे, ती भरपाई म्हणजे दियत. आणि काहीही न घेता माफ करणे; या तिसऱ्या वाटेला धर्मग्रंथाने सर्वांत मोठे पुण्य मानले आहे. चुकून हातून कोणी मेला तर मात्र किसास नाही, तिथे दियतच. हा कायदा ज्या अरबस्तानात आला तिथे टोळ्यांची वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत. एकाच्या बदल्यात दहा मारायचे, हा तिथला शिरस्ता होता. त्या समाजाला 'एकाच्या बदल्यात फार तर एक, आणि त्याऐवजी शंभर उंट घेऊन थांबलात तर अधिक चांगले' असे सांगणे हे त्या काळी मोठेच पाऊल होते. दियतीचे जुने माप शंभर उंटांचे आहे ते त्यामुळे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भारतातील मुसलमानांना हा फौजदारी कायदा लागू नाही. १९३७ च्या शरियत कायद्यात विवाह, तलाक, वारसा, वक्फ अशा खाजगी बाबी येतात. त्यात खून, मारामारी, चोरी येत नाही. रोह्याच्या मुसलमानाने गुन्हा केला काय किंवा पेणच्या आगऱ्याने केला काय, कलमे तीच लागतात. चहाच्या टपरीवर हे दर वेळी सांगावे लागते, म्हणून इथेही सांगितले.

मग हा कायदा आपल्याला अगदीच परका आहे का? इतिहास तसे म्हणत नाही. आदिलशाही-निजामशाहीच्या अमदानीत आपल्या मुलखातले तंटे मजलशीत सुटत. त्या सभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत आणि पुष्कळदा काजीही बसे. निवाड्याचा जो कागद होई तो महजर. त्यावर काजीचा शिक्का असे आणि खाली कुणब्याचा नांगर, इतर बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चित्रे अशा निशाण्या असत. काजीने आपला ग्रंथ आणला, गोताने आपली रूढी आणली आणि दोहोंतून निवाडा झाला. जुन्या मराठी कागदांत 'मुंडकटाई' असा एक शब्द भेटतो. मारल्या गेलेल्या माणसाच्या वारसांना भरपाईदाखल जी जमीन वा जो हक्क तोडून देत, त्याचे हे नाव. शब्द अंगावर काटा आणणारा आहे खरा, पण त्यामागचा विचार दियतीहून फारसा वेगळा नाही. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यातही त्याने नोंदवले आहे की विशेष क्रौर्य नसेल तर खुनाला देहान्त शिक्षा होत नसे, बहुतेक दंडावर भागे.

हे चित्र बदलले ते इंग्रजांनी. बंगालात कंपनी सरकार सुरुवातीला इस्लामी फौजदारी कायदाच चालवत होते. १७९० साली कॉर्नवॉलिसने ठरवले की खुन्याची शिक्षा यापुढे वारसांच्या मर्जीवर राहणार नाही. मुंबई इलाख्यात १८२७ साली एल्फिन्स्टनची नियमावली आली, आणि १८६० चा दंडविधान कायदा १८६२ पासून सर्वत्र लागू झाला. त्या दिवसापासून खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. वैयक्तिक सूडाला आणि पैशाच्या जोरावर होणाऱ्या सुटकेला आळा बसला, हे मोठेच काम झाले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. ज्याच्या घरातला माणूस गेला तो खटल्यातून बाहेर फेकला गेला. तो फिर्याद देतो, पिंजऱ्यात साक्ष देतो आणि मग वर्षानुवर्षे कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो. आरोपीला शिक्षा झाली तरी त्याच्या चुलीवर काही चढत नाही. दियतीच्या कायद्याने ज्याला मध्यभागी बसवले होते, त्याला आपल्या कायद्याने भिंतीकडेला उभे केले. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेत पीडितांना सरकारी भरपाई देण्याची योजना आली, तोवर जवळजवळ दीडशे वर्षे उलटली होती.

माणसाच्या जिवाचे पैशात मोल करणे आपल्याला रानटी वाटते. पण ते मोल मी बँकेत रोज पाहत होतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल लागला की भरपाईची रक्कम विधवेच्या हातात सरसकट न देता तिचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवायचा, अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत गुंतवायचा, अशा सूचना सर्वोच्च न्यायालयाने दिल्या होत्या. त्या पावत्या आमच्याकडे येत. महामार्गावर नवरा गमावलेली बाई तिमाही व्याज न्यायला येई. पावतीवर मूळ रक्कम छापलेली असे. एकदा एका बाईने ती पावती माझ्यापुढे धरून विचारले, "साहेब, एवढा आकडा कुणी काढला? त्यांना कोण ओळखत होतं?"

आकडा कसा काढतात ते मी तिला समजावले. तुम्हालाही सांगतो. मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. बत्तीस वर्षांचा, महिना १५ हजार मिळवणारा, घरात चौघे अवलंबून असलेला माणूस घ्या. वर्षाचे एक लाख ८० हजार, त्यातून चौथा हिस्सा वजा, उरले एक लाख ३५ हजार, गुणक १६. मूळ रक्कम आली २१ लाख ६० हजार. भविष्यातील वाढ वगैरे त्यावर धरतात. आता त्याच बसमध्ये शेजारच्या आसनावर त्याच वयाचा आणि तेवढ्याच कुटुंबाचा, महिना एक लाख मिळवणारा इंजिनिअर बसला असेल तर त्याची मूळ रक्कम येते एक कोटी ४४ लाख. रस्ता तोच, खड्डा तोच, ट्रक तोच. ज्याचे घर आधीच ओढगस्तीचे, त्याच्या घराला कमी.

दियत इथे वेगळी आहे. तिथे मिळकत पाहत नाहीत, रक्कम ठरलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत दोन लाख दिरहम हा आकडा रूढ आहे. सौदी अरेबियाने २०११ साली अपघाती मृत्यूसाठी तीन लाख आणि हेतुपूर्वक हत्येसाठी चार लाख रियाल ठरवले. पाकिस्तानच्या दंडविधानात तर किमान दियत चांदीत लिहिली आहे, ३० हजार ६३० ग्रॅम, आणि सरकार दर वर्षी तिची किंमत जाहीर करते. चलन घसरले तरी माणसाचे मोल घसरू नये, ही त्यातली मेख बँकवाल्याला लगेच कळते. हमाल आणि कारखानदार या चांदीच्या मापात सारखेच.

पण ही समता अर्धीच आहे. परंपरेने स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी. सौदीत दीर्घकाळ धर्माप्रमाणेही रक्कम बदले. मुसलमान पुरुषाला एक लाख रियाल असताना हिंदू पुरुषाला साडेसहा हजारांच्या आसपास मिळत, म्हणजे पंधरावा हिस्सा. आखाती देशांत आपल्या रायगड-रत्नागिरीची किती माणसे राबली! श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, महाड इथले कोकणी मुसलमान तर पिढ्यान्‌पिढ्या गेले, आणि त्यांच्या मागोमाग इतरही गेले. तिकडे अपघातात माणूस गेला की इथे वारस दाखला, मुखत्यारपत्र, साक्षांकन अशी कागदांची माळ सुरू होई. एकाच गाडीत, एकाच अपघातात गेलेल्या दोघांच्या घरी वेगवेगळी रक्कम पोहोचू शकते, आणि कारण काय तर धर्म, हे गिळायला कोणालाही जड जावे. इराणने पुढे मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांची दियत समान केली आणि २०१९ मध्ये स्त्रीच्या दियतीतला फरक सरकारी निधीतून भरून देण्याचा मार्ग काढला. म्हणजे कायदा बदलू शकतो. समाज मागे लागला तर बदलतो.

आणि आपण फार वर मान करू नये. १९९४ साली आपल्या मोटार वाहन कायद्याला जो भरपाईचा तक्ता जोडला, त्यात न कमावत्या पत्नीचे उत्पन्न कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरले होते. दियतीत बाईचा निम्मा, आमच्या तक्त्यात तिसरा हिस्सा! तो तक्ता २०१८ मध्ये बदलला. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल नीट धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ च्या एका निकालात पुन्हा बजावून सांगावे लागले.

तेव्हा पैशाचे माप दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे ते वाकडे आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. पैसे घेऊन वारसाने माफीही द्यायची, हे जेव्हा कायदा म्हणतो तेव्हा त्या समाजात काय घडते? पाकिस्तानात १९९० साली किसास-दियतीचा अध्यादेश आला, १९९७ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे जे घडले त्यात दोष नुसत्या ग्रंथाचा नाही, ग्रंथ ज्या समाजात उतरला त्या समाजाचाही आहे.

घराण्याच्या इभ्रतीसाठी भावाने बहिणीला मारले तर तिचा वारस कोण? बापच. बाप मुलाला माफ करतो आणि खून घरातल्या घरात मिटतो. ही पळवाट बुजवण्यासाठी तिथल्या संसदेला २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. घरच्यांनी माफ केले तरी जन्मठेप चुकणार नाही, असे लिहावे लागले. काही भागांत खुनाचा तंटा मिटवताना मारेकऱ्याच्या घरातली मुलगी मृताच्या घरात लग्न लावून देण्याची रूढी आहे. ही रूढी ग्रंथातली नाही, टोळ्यांची आहे. पण तडजोडीचे दार उघडताच ती आत शिरली. तडजोडीत मुलगी देता येणार नाही, असे दंडविधानात शब्दशः घालावे लागले. कराचीत डिसेंबर २०१२ मध्ये एका विद्यार्थ्याचा खून झाला. आरोपी बड्या जमीनदार घराण्यातला होता. मृताच्या आईवडिलांनी पुढच्याच वर्षी माफी दिली, तेव्हा ती माफी होती की शरणागती, यावर सारा देश बोलत होता.

आणि लाहोरचे प्रकरण तर जगाने पाहिले. २७ जानेवारी २०११ रोजी रेमंड डेव्हिस या अमेरिकन माणसाने भर रस्त्यात दोघांना गोळ्या घातल्या. १६ मार्चला तो सुटला. वारसांना मिळून तेवीस-चोवीस लाख डॉलर दिल्याचे सांगितले गेले. मृतांपैकी एकाच्या तरुण पत्नीने फेब्रुवारीतच विष घेऊन जीव दिला होता. आपल्याला रक्ताच्या बदल्यात रक्त हवे, असे ती मरतामरता म्हणाली होती. कायदा ज्या वारसांना मध्यभागी बसवतो, त्यांतली सर्वांत जवळची व्यक्ती कागदावर सह्या झाल्या तेव्हा जगातच नव्हती.

याच कायद्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. कोळिकोडचा एक तरुण २००६ साली रियाधला चालक म्हणून गेला. त्याच्याकडे सोपवलेल्या अपंग सौदी मुलाचा त्याच्या हातून मृत्यू झाला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. मुलाचे कुटुंब दीड कोटी रियाल घेऊन माफी द्यायला तयार झाले. एप्रिल २०२४ मध्ये केरळने हे ३४ कोटी रुपये उभे केले. मशिदीत गोळा झाले, मंदिरांच्या उत्सवांत गोळा झाले, परदेशातल्या मल्याळी माणसांनी पाठवले. त्याच वर्षी जुलैत फाशी रद्द झाली. तरी तो लगेच सुटला नाही. वारसांचा हक्क संपला तरी समाजाचा हक्क उरतो, असे सौदी न्यायालयाने मानले आणि २०२५ साली वीस वर्षांची शिक्षा सांगितली, तिच्यातली बहुतेक तो भोगून बसला होता. हा निर्णय मला विचार करण्याजोगा वाटतो. वारसाने जीव माफ केला, पण शिक्षा सर्वस्वी त्याच्या सहीवर सोडली नाही.

येमेनमधल्या प्रकरणात मृताच्या भावाने पैसे घ्यायचे जाहीरपणे नाकारले. आपल्याकडे त्याच्यावर हट्टी, निर्दय अशी टीका झाली. मला तसे म्हणवत नाही. फाशी टळावी असे मलाही वाटते. पण माफी मागता येते, उकळता येत नाही. 'नाही' म्हणण्याचा हक्क नसेल तर 'हो'ला काय किंमत? रोह्याकडचे माझे एक स्नेही सौदीत वीस-बावीस वर्षे गाडी चालवून परतले आहेत. त्यांना मी याविषयी विचारले. ते म्हणाले, "साहेब, तिथंही पैसा घेणं सोपं नाय. घेतला तर टोळीतले म्हणतात, बापाचं रक्त विकलंस. नाय घेतला तर म्हणतात, काळीज दगडाचं. मरणाऱ्याचं मरण एकदाच होतं, मागं राहणाऱ्याचं रोज."

मागे राहणाऱ्याचे रोज मरण! हे वाक्य मनात ठेवून आता आपल्या गावाकडे वळू या. आपल्याकडे खून मिटवता येत नाही, असे कायदा म्हणतो. किरकोळ दुखापत, शिवीगाळ अशा गुन्ह्यांत तडजोड चालते. पण खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे घरच्यांनी आपसात मिटवले म्हणून रद्द होणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तिलाही हीच चौकट. कागदावर सारे चोख आहे.

पण गावात 'मिटवणे' नावाची एक क्रिया आहे आणि तिचे कलम कुठल्याच पुस्तकात नाही. रात्री महामार्गावर कोणाच्या गाडीने कोणाला उडवले, गाडी ओळखीची निघाली, की सकाळपर्यंत मध्यस्थ घरी पोहोचतात. "झालं ते झालं, माणूस काय परत येणार हाय? पोरांचं बघा." आकडा ठरतो. साक्षीदाराला आदल्या रात्रीचे काही आठवेनासे होते, कोर्टात तो फितूर होतो. पैसे रोखीत येतात, पावती नसते, आणि ते दिराच्या नाहीतर चुलत सासऱ्याच्या हातात पडतात. विधवा आतल्या खोलीत असते. तिला विचारलेले मी फार क्वचित ऐकले आहे. नोकरीच्या काळात गावोगावच्या शाखांत मी हा प्रकार इतक्या वेळा पाहिला की तो मला कोण्या एका गावाचा वाटत नाही. एका बाईने मला सांगितले होते, "भाऊजींनी मिटवलं म्हणतात. कितीला, ते मला अजून ठाव नाय."

सांगा, ही दियत नाही तर काय आहे? फरक इतकाच, की दियतीत रक्कम ठरलेली, वारस ठरलेले आणि कागदावर न्यायाधीशाचा शिक्का. आमच्या 'मिटवण्या'त यातले काहीच नाही. 'पैसे भरले की खून माफ?' असा संताप करणारे आपण, आपल्या दारातला हा व्यवहार शहाणपणा म्हणून खपवून घेतो.

म्हणून मला वाटते की दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या पाहिजेत. घर उघड्यावर पडू नये म्हणून मिळणारे पैसे ही एक. गुन्हेगाराला माफी ही दुसरी. पहिली दुसरीच्या बदल्यात मिळता कामा नये. भुकेल्या घरापुढे पैशाची थैली ठेवून 'माफ करतेस का?' असे विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. पाकिस्तानात हीच गफलत कायद्याने झाली, आपल्याकडे ती कायद्याला चुकवून होते. घरची चूल पेटती असेल तरच वारसाच्या माफीला माफीची किंमत येते. तशी माफी कोणी खरोखर दिली तर शिक्षा सुनावताना न्यायाधीशाने ती जरूर ऐकावी. रियाधच्या न्यायालयाने ऐकली तशी. पण शिक्षेची दोरी तिच्या एकटीच्या हातात देऊ नये, कारण ती दोरी ओढायला मग सारे गाव धावते.

आणि यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. पीडितांच्या भरपाईची योजना जुन्या संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर तो अर्ज अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा, आणि तिथे वकिलाची मदतही मोफत मिळू शकते. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर मृताच्या वारसांना एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत. गाडी सापडली तर न्यायाधिकरणाचा दावा आहेच. गावात मयत झाली की दहाव्या दिवसापर्यंत सारे जण घरी येऊन जातात. कोणी तांदूळ आणते, कोणी चहा-साखर. त्या येणाऱ्यांपैकी एकाने जरी हे दोन-तीन अर्ज आणले आणि ते दिराशी न बोलता त्या बाईशी बोलून भरले, तरी मध्यस्थाच्या थैलीचे अर्धे वजन तिथेच उतरेल.

राजीनामा या शब्दाचा जुना अर्थ राजीखुशीचा लेख. त्यातले 'राजी' कोण, हे विचारण्याची रीत मजलशीत असेल-नसेल, आज ती असायला हवी. ज्या घरातला माणूस गेला त्या घराच्या आतल्या खोलीत जाऊन ते विचारावे लागेल. ते काम कोर्टाच्या बेलिफाचे नाही, शेजाऱ्याचे आहे.